एक शनिवार, पाच पिशव्या आणि कोल्हापूर!

माझी एक मैत्रीण गेली तीन वर्षं ग्लासगोला ऑनसाईट आहे. तिचा फोन आला की पाच मिनिटांत ‘स्टाइल माईल’चा विषय निघतोच. आर्गाइल स्ट्रीट, ब्युकॅनन स्ट्रीट आणि सॉखीहॉल स्ट्रीट हे तीन रस्ते एकमेकांना असे जोडलेत म्हणे की नकाशावर इंग्रजी झेड अक्षर दिसतं. त्या झेडच्या एका टोकाला शिरायचं, दुसऱ्या टोकाला बाहेर पडायचं, की महिन्याचा पगार गायब! ‘‘लंडन सोडलं तर अख्ख्या ब्रिटनमध्ये असं शॉपिंग नाही गं,’’ हे तिचं ठरलेलं पालुपद.

डिसेंबरात बाईसाहेब सुट्टीवर आल्या. फेब्रुवारीत लग्न, हातात यादी आणि मोकळा फक्त एकच शनिवार. पुण्यातच उरकू, असं तिचं म्हणणं होतं. मी म्हटलं, ‘‘तुझी स्टाइल माईल बघितली नाही, पण आमची तुला दाखवते. चल कोल्हापूरला!’’

मी मूळची कोल्हापूरची, नोकरीपुरती पुण्याची. त्यामुळे थोडा पक्षपात गृहीत धरा. पण यादीतल्या एकेका वस्तूसमोर टिक होत गेली आणि संध्याकाळी रंकाळ्यावर बसून हिशेब मांडला, तेव्हा ग्लासगोचं नाव निघालं ते भलत्याच कारणासाठी. ते शेवटी सांगते. आधी बाजार!

आधी पोटोबा

मुंबईहून यायचं तर महालक्ष्मी एक्स्प्रेस रात्री झोपवते आणि सकाळी कोल्हापुरात उठवते. पुणेकरांसाठी हायवे आहे आणि सप्टेंबर २०२४ पासून वंदे भारतही आहे. आम्ही पहाटे गाडी काढली आणि नऊच्या सुमारास मिसळीच्या ताटासमोर बसलो. फडतरे, चोरगे की बावडा, यावर कोल्हापुरात घराघरांत पार्ट्या आहेत. त्या वादात मी पडत नाही. एवढंच सांगते, की दुकानं दहा-साडेदहाच्या पुढे उघडतात, त्यामुळे मिसळीला भरपूर वेळ असतो. आणि कट मागताना ‘थोडासाच’ म्हणायला लाजू नका. स्कॉटलंडच्या थंडीत तीन वर्षं काढून आलेल्या माणसाच्या डोळ्यांतून पहिल्याच घासाला पाणी आलं, ते प्रेमाचं नव्हतं.

शॉपिंगचा नकाशा एकदम सोपा आहे. मधोमध अंबाबाईचं मंदिर. त्याच्या भोवती महाद्वार रोड, जोतिबा रोड, ताराबाई रोड, गुजरी, भवानी मंडप, शिवाजी चौक, पापाची तिकटी. एका ठिकाणाहून दुसरीकडे चालत दहा-पंधरा मिनिटांच्या वर लागत नाहीत. गाडी मात्र या भागात आणू नका. गर्दीच्या दिवशी इथे गाडी चालवणं म्हणजे कोल्हापुरी भाषेत ‘नाद करायचा नाय’ प्रकार! बिंदू चौकाच्या आसपास कुठेतरी लावा आणि पाय मोकळे करा.

पहिली पिशवी : चप्पल लाईन

शिवाजी चौकाजवळची चप्पल लाईन ही नावाप्रमाणेच लाईन आहे. दुकानाला दुकान चिकटलेलं, दारात, भिंतीवर, छताला, सगळीकडे चपलाच चपला. कातड्याचा तो खास वास लांबूनच येतो. दुकानदार हाक मारतात, ‘‘या की ताई, बघायला पैसे पडत नाहीत!’’

मैत्रिणीला बारा जोड हवे होते. एक स्वतःला, एक नवऱ्या मुलाला आणि दहा ग्लासगोच्या टीमला. पहिल्याच दुकानात साडेतीनशेला जोड मिळाला. रंग झकास, वर सोनेरी वेणी, पायात मऊ. ती म्हणाली, ‘‘दहा घेते, साडेतीन हजारांत काम फत्ते!’’

मी तिला हाताला धरून चार दुकानं पुढे नेलं. तिथले मामा माझ्या वडिलांच्या वेळेपासूनचे. त्यांनी आपल्याकडचा एक जोड आणि तिच्या हातातला नमुना शेजारी शेजारी उलटा ठेवला. ‘‘ताई, चप्पल वरून बघायची नसती. उलटी करून बघायची.’’

नमुन्याचा तळ कातड्याचा नव्हताच. कडेनं मशीनची शिलाई, आत सोल्यूशनचा डिंकासारखा थर. मामांच्या जोडाचा तळ जाड कातड्याचा, थरावर थर, आणि ते थर कातड्याच्याच वादीनं हातानं शिवलेले. खिळा एकही नाही. हे कातडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात. रंगही मुळात तोच, मधासारखा तपकिरी, जो वापरून वापरून गडद होत जातो. पट्ट्यावरची वेणी बहुतेक वेळा घरातल्या बायका विणतात, कातडं कापायचं आणि तळ शिवायचं काम पुरुषांकडे. ‘‘एक जोड मनासारखा व्हायला दोन-तीन दिवस जातात,’’ मामा म्हणाले. ‘‘आता साडेतीनशेत कातडंबी बसवा, मजुरीबी बसवा आणि आमचं पोटबी बसवा. तुम्हीच हिशेब करा की, तुम्ही कॉम्प्युटरवाल्या!’’

हिशेब बसेना, हे सांगायला कॉम्प्युटर लागत नव्हता. दोन्ही जोडांवर नाव मात्र एकच, कोल्हापुरी.

व्हरायटी म्हणाल तर कापशी, कुरुंदवाडी, बक्कलनाळी, पुकारी अशी नावं विचारा. दुकानदार लगेच ओळखतो की गिऱ्हाईक नवखं नाही. कापशीला दोन्ही बाजूंना ते ऐटबाज ‘कान’ असतात. नाव पडलंय कागल तालुक्यातल्या सेनापती कापशी गावावरून. नवऱ्या मुलासाठी आम्ही तीच घेतली. शेरवानीखाली ती घालून चालला की कर्र कर्र आवाजानं मांडव दणाणणार!

या नावाला कायद्याचं कवचही आहे. डिसेंबर २०१८ मध्ये कोल्हापुरी चपलेला जीआय मानांकन मिळालं, महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोन्ही राज्यांना मिळून. आपल्याकडचे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि तिकडचे बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांत बनलेली चप्पलच ‘कोल्हापुरी’ म्हणवून घेऊ शकते. म्हणजे अथणीच्या कारागिरानं बनवलेला जोड अस्सल आणि दुसऱ्याच राज्यातल्या फॅक्टरीतला प्लॅस्टिकचा जोड नक्कल, भले तो चप्पल लाईनमध्ये टांगलेला असो. महाराष्ट्राच्या चर्मोद्योग महामंडळानं, म्हणजे लिडकॉमनं, २०२५ मध्ये अस्सल चपलांसाठी क्यूआर कोडही आणला. मोबाईल दाखवला की जोड कोणी आणि कुठे बनवला ते कळतं.

आणि हो, प्राडा! जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये या इटालियन कंपनीच्या मॉडेल्स हुबेहूब कोल्हापुरीसारख्या चपला घालून चालल्या आणि कोल्हापूरचं नाव कुठेच नव्हतं. इकडे असा काही गदारोळ उठला की कंपनीला प्रेरणा भारतातली असल्याचं मान्य करावं लागलं. जुलैत त्यांची माणसं कोल्हापुरात येऊन कारागिरांना भेटून गेली. डिसेंबर २०२५ मध्ये कंपनीनं लिडकॉम आणि कर्नाटकच्या लिडकर महामंडळाशी करार केला. इथल्या कारागिरांकडून सुमारे दोन हजार जोड करून घ्यायचे आणि ते जवळपास आठशे युरोंना विकायचे, असं तेव्हा जाहीर झालं. मामांना विचारलं तर हसले. ‘‘तेवढ्या पैशात मी तुमच्या आख्ख्या हापिसाला चपला घालीन.’’

मैत्रीण गप्प झाली होती. तिनं नमुना परत नेऊन दिला. मामांकडे चार जोड घेतले. स्वतःला, नवऱ्या मुलाला, तिच्या मॅनेजरला आणि जिनं तिला पहिल्या हिवाळ्यात आपला जादा कोट दिला होता त्या सहकारी बाईंना. बाकीच्या टीमसाठी चपलांच्या चिमुकल्या जोडीच्या की-चेन. बजेट तेवढंच, पण एकाही पायात नक्कल नाही.

घरी आणल्यावरचा फंडा : नवी कोल्हापुरी पहिले आठ दिवस चावते, घाबरू नका. आतून आणि पट्ट्याला थोडं खोबरेल किंवा एरंडेल लावून रात्रभर ठेवा, दोन-तीनदा केलं की पायाचा आकार घेते. पावसाळ्यात मात्र तिला सुट्टी द्या. भिजलीच तर सावलीत वाळवा, उन्हात किंवा हीटरसमोर नको. ग्लासगोला वर्षभर पाऊस, म्हणून तिकडच्या जोडांबरोबर आम्ही हे चिठ्ठीवर लिहूनच दिलं.

दुसरी पिशवी : गुजरी

ही पिशवी वजनानं सगळ्यात हलकी आणि हिशेबानं सगळ्यात जड. मंदिराच्या अगदी जवळची गुजरी म्हणजे कोल्हापूरची सराफी पेठ. रस्ता अरुंद, दुकानं लहान-मोठी, आणि वरच्या मजल्यांवर कारागिरांची ठोकठोक. ठुशी, चिंचपेटी, वज्रटीक, बोरमाळ, पुतळ्यांची माळ, मोहनमाळ... पेशवाई सीरियल्समुळे ही नावं पुन्हा ट्रेण्डी झाली, पण गुजरीत ती कधी जुनी झालीच नव्हती. आणि या सगळ्यांची महाराणी म्हणजे कोल्हापुरी साज. जवाच्या दाण्यासारखे जवमणी आणि त्यांच्या मधे मधे ओवलेली पानं. चंद्र, बेलपान, कारलं, मासा, कासव, शंख, भुंगा, नाग. प्रत्येकाला काही ना काही अर्थ, आणि परंपरेप्रमाणे एकवीस पानं.

मैत्रिणीला साज हवा होता, पण स्वतःसाठी नाही. ती इंजिनीअरिंगला लागली तेव्हा पहिल्या वर्षाच्या फीसाठी तिच्या आजीचा साज मोडला होता. घरात कुणी कधी बोलून दाखवलं नाही, फक्त त्यानंतर एकाही लग्नात तिच्या आईच्या गळ्यात साज दिसला नाही. आता मुलीच्या लग्नात तरी दिसावा, एवढीच इच्छा. आईला विचारलं तर उत्तर ठरलेलं : ‘‘इमिटेशनचा घे गं, चोरीची तरी भीती नाही!’’

प्रश्न होता भावाचा. २०२५ मध्ये सोन्यानं दहा ग्रॅमला एक लाखाचा टप्पा ओलांडला. पूर्वीच्या बायका चार-पाच तोळ्यांचा साज सहज घालायच्या. आता तेवढ्यात छोट्या गाडीचं डाऊन पेमेंट निघतं.

गुजरीत मग तीन पर्याय समोर आले. पहिला, एक ग्रॅम गोल्ड किंवा साधं इमिटेशन, दिसायला फर्स्ट क्लास, हजार-दोन हजारांत. दुसरा, चांदीत घडवून वर सोन्याचं पाणी दिलेला साज. तो खरा दागिना, रंग उतरला तर पुन्हा चढवून मिळतो. चांदीच्या बाबतीत कोल्हापूरला तोड नाही, कारण इथून वीसेक किलोमीटरवरचं हुपरी हे गावच चांदीच्या दागिन्यांसाठी देशभर माहीत आहे. तुमच्या पायातलं पैंजण कदाचित तिथूनच आलेलं असेल! आणि तिसरा पर्याय, सोन्याचा पण हलका.

इथे एक गोष्ट समजून घ्या. पारंपरिक साजात मणी आणि पानं पोकळ घडवून आत लाख भरतात. त्यामुळे कमी सोन्यात भरदार दिसतो आणि दबतही नाही. पण वजन करताना लाखेसकट काटा बघू नका. निव्वळ सोन्याचं वजन किती आणि लाख किती, हे बिलावर वेगळं लिहून घ्या. मजुरी ग्रॅममागे की टक्क्यांत, तेही आधीच विचारा. सोन्यावर तीन टक्के जीएसटी पडतो, तो धरूनच बजेट काढा. हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी असतो, एप्रिल २०२३ पासून त्याशिवाय विक्री करता येत नाही. ‘बीआयएस केअर’ अॅपमध्ये तो नंबर टाकला की दागिन्याची कुंडली निघते. दुकानात बसूनच टाका, कुणी रागावत नाही.

आमचे सराफ काका जुन्या वळणाचे. त्यांनी आधी चहा मागवला आणि मग विचारलं, ‘‘आजीच्या साजाचा फोटो हाय का?’’ होता. लग्नातला, ब्लॅक अँड व्हाईट. काकांनी चष्मा वर करून भिंगातून बघितला. ‘‘हा इथलाच घाट हाय. डिझाईन तेच ठेवू, पानं बारीक करू. वजन निम्म्याच्या आत येईल.’’ तिनं ऑर्डर दिली, ॲडव्हान्स भरला आणि बाहेर आल्यावर बराच वेळ फोटो पाकिटात नीट ठेवत राहिली. आईला अजून सांगितलेलं नाही, तेव्हा तुम्हीही गप्प बसा!

तिसरी पिशवी : महाद्वार रोड आणि जोतिबा रोड

दुपारी तांबडा-पांढरा रस्सा. त्याबद्दल लिहायला वेगळा लेख लागेल, म्हणून थेट महाद्वार रोडवर येऊ. देवळाच्या पश्चिमेच्या मोठ्या दारासमोरचा हा रस्ता म्हणजे कोल्हापूरची खरी हाय स्ट्रीट. साड्या, ड्रेस मटेरियल, रेडिमेड, पर्स, भांडी, फेटे, पूजेचं सामान. सणाच्या आधीच्या रविवारी इथे पाय ठेवायला जागा नसते आणि तरी माणूस खेचला जातो.

इथे बघायचं ते इरकल आणि खण. कर्नाटकची सीमा जवळ, त्यामुळे इलकलची साडी आणि गुळेदगुड्डचा खण या बाजारात पिढ्यानपिढ्या आहे. पूर्वी खण फक्त चोळीचा किंवा ओटीचा. आता त्याचेच कुर्ते, जॅकेट, लॅपटॉपची बॅग, डायरीचं कव्हर, काय वाट्टेल ते शिवून घालतात. फ्रायडे ड्रेसिंगला जीन्सवर खणाचं जॅकेट घालून बघा, मीटिंगमध्ये प्रेझेन्टेशनकडे कुणी बघणार नाही! तयार घेण्यापेक्षा मीटरवर कापड घ्या आणि आपल्या टेलरकडून शिवून घ्या. पॉलिस्टरचे नकली खणही ढिगानं आहेत. हातात चुरगाळून बघा, उजेडात धरून बघा आणि ‘सुती की मिक्स’ हे सरळ विचारा. खोटं सांगणारा दुकानदार सहसा नजर चुकवतोच.

बांगड्या, गजरे, नथी, क्लिपा आणि बाकी फॅन्सी आयटम हवे असतील तर शेजारच्या जोतिबा रोडवर वळा. मोत्याची नथ, ऑक्सिडाइज्ड कानातले, हिरवा चुडा सगळं हाताच्या अंतरावर. इथे घासाघीस चालते आणि अपेक्षितही असते. मावशी दीडशे म्हणाल्या तर शंभरवर या, शेवटी सव्वाशेला दोघीही खूश. पण हातानं घडवलेल्या वस्तूवर, मामांच्या चपलेवर किंवा कुंभाराच्या मडक्यावर, हा खेळ खेळू नका. तिथे मुळातच मजुरी कमी धरलेली असते. आपण मॉलमध्ये छापील किमतीवर एक अक्षर न बोलता कार्ड स्वाइप करतो आणि कारागिराच्या दारात वीस रुपयांसाठी अडून बसतो, हे काही बरोबर नाही, राव.

चौथी पिशवी : गूळ आणि चटणी

ही पिशवी डिकीत सगळ्यात खाली ठेवा, कारण ती फुटली तर सगळ्यांना शिंका!

कोल्हापूरचा गूळ जगप्रसिद्ध, त्यालाही जीआय आहे. या व्यापाराचा पाया राजर्षी शाहू महाराजांनी घातला. १८९५ मध्ये त्यांनी शाहूपुरी ही व्यापारी पेठ वसवली आणि तिथे गुळाचा बाजार भरभराटीला आला. आता घाऊक सौदे मार्केट यार्डात होतात आणि दिवाळी पाडव्याला मुहूर्ताचा सौदा निघतो. आपल्याला किलो-दोन किलोच हवा असतो. तो लक्ष्मीपुरीत, शाहूपुरीत किंवा थेट गुऱ्हाळावर मिळतो. ऑक्टोबर-नोव्हेंबर ते मार्च या सीझनमध्ये गेलात तर शहराबाहेर रस्त्याकडेला गुऱ्हाळं चालू असतात. ताजा गरम गूळ, काकवीची बाटली आणि रसाचा ग्लास असं पॅकेज.

गूळ घेताना पिवळाधमक, चकचकीत रवा बघून भुलू नका. इतका उजळ रंग अनेकदा पावडरी घालून आणलेला असतो. केमिकल न घातलेला गूळ सहसा तपकिरी, जरा मवाळ दिसतो आणि चवीला मात्र एक नंबर. चाखून घ्या, खारट लागला तर पुढचं दुकान.

आता चटणी. बाहेरच्या जगात जिला ‘कोल्हापुरी मसाला’ म्हणतात तिला कोल्हापुरात नुसतं ‘चटणी’ म्हणतात. कांदा-लसूण घातलेली, वर्षभराची, घरात केलेली. उन्हाळा लागला की मिरच्या वाळत पडतात. रंगाला ब्याडगी, चवीला संकेश्वरी आणि झणक्याला लवंगी. मसाले भाजायचे, सगळं डंकावर कुटून आणायचं आणि बरण्या भरायच्या. कोल्हापुरातून बाहेर नोकरीला गेलेल्या प्रत्येकाच्या बॅगेत ही बरणी असतेच. ज्यांना आई-मावशी चटणी पाठवत नाहीत त्यांनी लक्ष्मीपुरीच्या मसाल्याच्या दुकानांत जावं. पॅकबंद ब्रँडेड पाकिटांपेक्षा बचत गटांची किंवा डंकवाल्याकडची ताजी चटणी घ्या. आणि विमानानं नेणार असाल तर तीन पिशव्यांत बांधा. मैत्रिणीच्या पहिल्या खेपेला बरणी बॅगेत फुटली होती. ऑफिसात तिचा ब्लेझर महिनाभर कोल्हापूरची आठवण करून देत होता.

पाचवी पिशवी : गांधीनगर

लग्नाचं बजेट आणि पाहुण्यांची यादी जुळत नसेल तर कोल्हापूरकर एकच सल्ला देतात, ‘‘गांधीनगरला जावा.’’ शहरापासून सात-आठ किलोमीटरवरचा हा कापडाचा घाऊक बाजार. साड्या, शर्टपीस, टॉवेल, चादरी, रेडिमेड सगळं गठ्ठ्यानं. आहेराच्या पंचवीस साड्या आम्ही इथेच उचलल्या, तासाभरात आणि महाद्वार रोडपेक्षा बऱ्याच कमी खर्चात. सुटी विक्री करणारी दुकानंही भरपूर आहेत, पण खरी मजा संख्येत.

या जागेची गोष्ट मला फार आवडते. दुसऱ्या महायुद्धात इथे, वळिवड्याला, पोलंडमधल्या निर्वासितांची छावणी होती. १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश माणसं, त्यात बायका आणि मुलंच जास्त, कोल्हापूर संस्थानच्या आसऱ्यानं राहिली. शाळा, चर्च सगळं उभं केलं. ती गेली आणि फाळणीत घरदार गमावलेली सिंधी कुटुंबं इथे आली. त्यांनी शून्यातून कापडाचा धंदा उभा केला आणि तेच आजचं गांधीनगर. पोलंडमध्ये वॉर्सा शहरात कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे, ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधान तिथे जाऊन आले तेव्हा ते बातम्यांत झळकलं. स्वस्तातली चादर घेताना एवढी गोष्ट आठवली तरी पुरे.

आणि ब्रँड?

आहेत की! राजारामपुरीच्या मेन रोडवर आणि गल्ल्यांमध्ये एकेक शोरूम, कॅफे, गिफ्ट शॉप. आपल्या वयाची गर्दी संध्याकाळी तिथेच. डी. वाय. पी. सिटी मॉलही आहे, एसी आहे, मल्टिप्लेक्स आहे. पण तो शर्ट तुमच्या शहरातही त्याच किमतीला मिळतो. पाऊस आला किंवा पाय बोलायला लागले तर जा.

रंकाळ्यावरचा हिशेब

संध्याकाळी ताराबाई रोडनं रंकाळ्याकडे निघालो. पाच पिशव्या गाडीत, हातात भेळ, समोर पाणी. तेव्हा तिनं गळ्यातला स्कार्फ काढून मला दाखवला. त्यावर कोयऱ्या होत्या. आपल्या आजीच्या शालीवर, पैठणीच्या पदरावर, मेंदीत असतात त्याच.

‘‘माहितेय, तिकडे याला काय म्हणतात? पेझली. ग्लासगोला लागूनच पेझली नावाचं गाव आहे. एकोणिसाव्या शतकात तिथल्या मागांवर काश्मिरी शालींच्या नकला निघायच्या. इतक्या खपल्या की कोयरीला सगळं जग त्या गावाच्या नावानं ओळखायला लागलं. पहिल्या वर्षी मी ऑफिसात सांगत होते, ही आमची कोयरी. कुणाला पटेना. सकाळी ती साडेतीनशेची चप्पल हातात होती ना, तेव्हा हेच आठवलं.’’

मग तिनंच दुसरी बाजूही सांगितली. त्याच स्कॉटलंडमध्ये हॅरिस ट्वीड नावाचं लोकरीचं कापड आहे. त्याच्यासाठी १९९३ मध्ये खास कायदा झाला. आऊटर हेब्रिडीज बेटांवरच्या माणसांनी आपल्या घरी, हातानं विणलं असेल तरच ते हॅरिस ट्वीड. गिऱ्हाईकही कोटाच्या आतलं लेबल उलटून बघतं आणि मगच पैसे मोजतं. कायदा आपल्याकडेही झालाय. उलटून बघायची सवय तेवढी लागायचीय.

फेब्रुवारीत लग्न झालं. नवऱ्या मुलाच्या कापशीनं मांडव खरंच दणाणला. आणि साज? आईनं गळ्यात घातला, आरशात बघितलं आणि म्हणाल्या, ‘‘एवढा खर्च कशाला केलास? इमिटेशनचा चालला असता की!’’ मग दिवसभर पदर सारखा सारखा बाजूला सरकवत होत्या, साज नीट दिसावा म्हणून.

निघण्याआधी...

● दुकानांचा साप्ताहिक सुट्टीचा वार आधी फोन करून विचारा. नवरात्रात खरेदीचा बेत नको, सगळं शहर मंदिराभोवती असतं.

● यूपीआय जवळपास सगळीकडे चालतं, पण जोतिबा रोड आणि भाजी मंडईसाठी सुटे पैसे ठेवा.

● चपलेचं माप संध्याकाळी घ्या, दिवसभर चालून पाय थोडे सुजलेले असतात. मापाची हवी असेल तर ऑर्डर देऊन ठेवा.

● दागिन्याची ऑर्डर लग्नाच्या निदान दोन महिने आधी द्या. सीझनमध्ये कारागीर मिळत नाहीत.

● कापडी पिशव्या घरून न्या. पाच तरी लागतील!